कंपन मर्यादेत, बेअरिंग मात्र गेलेलं : माझा अनुभव

कंपन मोजून बिघाड पकडणं अवघड नाही, तो कागदावर मान्य करून घेणं अवघड आहे. आमच्याकडे मशीन थांबवायची परवानगी एका फॉर्मवर मिळते आणि त्यात कंपनासाठी एकच रकाना आहे : एकूण वेग, मिलिमीटर प्रति सेकंद. त्या रकान्याचा राग अजून गेलेला नाही.

मुख्य मशीनला तेल पुरवणाऱ्या पंपाची छोटी मोटर, १४४० आरपीएम, ६२०५ नंबरचं बेअरिंग (दोन कड्यांमध्ये बॉल असलेला, शाफ्टला आधार देणारा भाग). फेरी मारताना बारीक टिकटिक कानावर आली, सेन्सर लावला, रीडिंग घेतलं. इथवर काहीच अडलं नाही.

मग फॉर्म. वेग भरला १.१. मशीनच्या कंपनाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १०८१६, त्याच्या पहिल्या भागात (२०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २०८१६-१ ने घेतली) अशा छोट्या मोटरींना ०.७१ ते १.८ पर्यंत दीर्घकाळ चालवायला हरकत नव्हती. प्लॅनिंगकडून शेरा आला, ‘मर्यादेत आहे, थांबवण्याचं कारण नाही.’ खुलासा लिहून पुन्हा दिला, तोच शेरा. जोडपत्र लावलं, तर ‘या फॉर्मला जोडपत्र चालत नाही’. आणि तिकडे मोटर फिरतेच आहे! तिची स्टँडबाय मोटरही दुरुस्तीला गेलेली, म्हणजे ही अडकली असती तर मुख्य मशीनचं तेलच बंद.

तो आकडा खोटा नव्हता. तो साधारण १० ते १००० हर्ट्झमधल्या कंपनाची गोळाबेरीज सांगतो. बॅलन्स गेला, अलाइनमेंट हललं की चढतो. पण आउटर रेसचा, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याचा, पापुद्रा निघाला की त्यावरून जाणारा प्रत्येक बॉल एक टोला देतो. त्या टोल्याने बेअरिंगचं घर काही हजार हर्ट्झवर क्षणभर झणझणतं आणि शांत होतं. ही झणझण गोळाबेरजेत येतच नाही. आकडा चढेपर्यंत थांबायचं म्हणजे बेअरिंगचं आयुष्य संपत येईपर्यंत थांबायचं. हे मी किती वेळा समजावलं असेल!

जोडपत्रात काय होतं तेही सांगतो. खालच्या फ्रिक्वेन्सी गाळून उरलेल्या सिग्नलचा एन्व्हलप (त्याच्या चढउताराची बाह्यरेषा) काढला आणि त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे याचा आलेख, घेतला. शिखरं ८६, १७२ आणि २५८ हर्ट्झवर. या बेअरिंगमध्ये बॉल ९, आउटर रेसचा गुणक (शाफ्टच्या एका फेरीत तिथल्या एका जागेवरून जाणारे बॉल) ३.५८५, शाफ्टच्या सेकंदाला २४ फेऱ्या. गुणून बघा, ८६ च येतात. शाफ्टच्या २४ च्या जवळच्या पटी ७२ आणि ९६. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यामुळे येणारं शिखर १०० वर. म्हणजे ८६ ला दुसरं स्पष्टीकरण उरत नाही. (विजेमुळे येणाऱ्या शिखराची शंका असेल तर पुरवठा बंद करताना बघा, ते त्याच क्षणी नाहीसं होतं.)

शेवटी काम केलं ते कानाने. अल्ट्रासाउंडचं यंत्र ३८ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज ऐकू येईल इतका खाली आणून हेडफोनमध्ये देतं. शिफ्ट इनचार्जना म्हटलं, “साहेब, पाच मिनिटं कान द्या.” आधी शेजारची तशीच चांगली मोटर ऐकवली : एकसारखी सळसळ. मग आमची : सळसळीवर सलग कडकड. त्यांनी हेडफोन काढला आणि तिथेच फॉर्म मागवून स्वतःच्या अधिकारात सही केली. इतकं हलकं क्वचितच वाटलं असेल.

बेअरिंग कापून पाहिलं. आउटर रेसवर, नेमका भार येतो त्या बाजूला, धातूचा पापुद्रा निघालेला. ते तुकडे मी प्लॅनिंगच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि मला त्याचा अभिमान आहे.

राहिलेल्या दोन गोष्टी. सेन्सर बेअरिंगच्या घरावरच लावा, पंख्याच्या पत्र्याच्या कव्हरवर नको. आणि हातात धरून दाबू नका, वरच्या फ्रिक्वेन्सी तिथेच गळतात. मॅग्नेट बरा, स्टड (स्क्रूने पक्का बसवणं) उत्तम. बेअरिंग बसवतानाच त्याचा नंबर आणि मेक लिहून ठेवा, कारण नंबर तोच असला तरी मेक बदलला की आतली मापं आणि गुणक बदलू शकतात.

फॉर्ममध्ये एन्व्हलपचा दुसरा रकाना घालावा असा लेखी प्रस्ताव मी दिला आहे. अजून उत्तर नाही.