दिवसा कचेरी, रात्री ॲबी : डब्लिनमध्ये बॅरी फिट्झजेराल्ड यांच्या मागावर

लिफी नदीच्या उत्तरेला, लोअर ॲबी स्ट्रीटवर ट्रामच्या रुळांना लागून ॲबी थिएटर उभे आहे. आजची चौकोनी, बिनसजावटीची इमारत १९६६ साली खुली झाली. ज्या रंगमंचासाठी मी डब्लिनला गेलो होतो, तो १९०४ साली सुरू झालेला जुना ॲबी १९५१च्या जुलैमध्ये जळाला. त्या संध्याकाळी तेथे आयरिश नाटककार शॉन ओ'केसी यांच्या 'द प्लाऊ अँड द स्टार्स'चा प्रयोग होता, आणि पंचवीस वर्षांपूर्वी त्याच रंगमंचावर याच नाटकात फ्लूथर गुड रंगवणारा नट तोपर्यंत हॉलिवूडमध्ये ऑस्कर मिळवून नामांकित झाला होता. तो नट म्हणजे बॅरी फिट्झजेराल्ड. 'द क्वाएट मॅन' हा चित्रपट पाहिलेल्यांना त्यांचा मिस्कील चेहरा आठवेल. परंतु मला त्यांच्या उमेदवारीच्या वर्षांबद्दल अधिक कुतूहल होते, आणि ती वर्षे याच शहरात, पायी फिरता येईल एवढ्या परिसरात गेली.

त्यांचे खरे नाव विल्यम जोसेफ शील्ड्स. जन्म १० मार्च १८८८चा, पोर्टोबेलो भागातील वॉलवर्थ रोडवरचा. ओ'कॉनेल पूल ओलांडून दक्षिणेकडे चालत राहिले की ग्रँड कॅनॉलच्या अलीकडे हा भाग लागतो. गल्ल्या अरुंद, लाल विटांची घरे एकमेकांना चिकटून बांधलेली, आणि बहुतेक दारे थेट रस्त्यावर उघडणारी. येथे एके काळी डब्लिनमधील ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती होती. वॉलवर्थ रोडवरच आज आयरिश ज्यू संग्रहालय आहे. भपका नाही, पण हलाखीही नाही, अशा या वस्तीत मुलाने सरकारी नोकरीला लागावे अशी अपेक्षा किती स्वाभाविक असेल, हे त्या गल्लीत उभे राहिल्यावर सहज पटते.

विल्यम खरोखरच सरकारी नोकरीत शिरले आणि १९२९पर्यंत तीत टिकले. ॲबीत पाऊल पडले ते पहिल्या महायुद्धाच्या काळात, हौशी नट म्हणून. सुरुवातीच्या एका भूमिकेत त्यांच्या वाट्याला अवघ्या चार शब्दांचे वाक्य आले होते. ते बोलताना जीभ अडखळली, अक्षरांची अदलाबदल झाली आणि प्रेक्षागृहात हशा पिकला, असा किस्सा सांगितला जातो. कचेरीतील वरिष्ठांच्या नजरेत येऊ नये म्हणून त्यांनी रंगमंचासाठी बॅरी फिट्झजेराल्ड हे नाव घेतले. दिवसभर फायली, संध्याकाळी तालीम, रात्री प्रयोग. नोकरी सांभाळून छबिलदासमध्ये नाटके करणारी पिढी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही ओढाताण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

ॲबीचा वेगळेपणा येथे लक्षात घ्यायला हवा. कवी येट्स आणि नाटककार लेडी ग्रेगरी यांनी उभ्या केलेल्या या संस्थेत आयरिश माणसाची बोली आयरिश नटांच्या तोंडून ऐकवण्याचा आग्रह होता. (रवींद्रनाथांचे 'डाकघर'ही इंग्रजीतून येथे १९१३ साली झाले होते.) लेडी ग्रेगरी यांच्या 'द ड्रॅगन'मधून १९१९ साली फिट्झजेराल्ड यांच्याकडे लोकांचे लक्ष गेले, तरी खरा कस लागला तो ३ मार्च १९२४ रोजी, ओ'केसी यांच्याच 'जूनो अँड द पेकॉक'च्या पहिल्या प्रयोगात. जूनो झाल्या सारा ऑलगुड, चमचेगिरी करणारा जॉक्सर झाले एफ. जे. मॅकॉर्मिक, आणि कॅप्टन बॉइल फिट्झजेराल्ड. हा कॅप्टन आयुष्यात एकदाच समुद्रावर गेलेला, तोही डब्लिन ते लिव्हरपूल कोळशाच्या बोटीने; कोणी कामाचे नाव काढले की त्याचे पाय दुखू लागतात. वर्षानुवर्षे वेळेवर कचेरी गाठणाऱ्या माणसाने हा कामचुकार एवढ्या मायेने उभा करावा, यात मला त्यांच्या निरीक्षणाची ताकद दिसते. प्रेक्षकांची गर्दी एवढी झाली की ॲबीच्या प्रथेबाहेर जाऊन नाटक दुसऱ्या आठवड्यातही चालवावे लागले. तेव्हा फिट्झजेराल्ड छत्तीस वर्षांचे होते.

दोन वर्षांनी 'द प्लाऊ अँड द स्टार्स' आले, आणि ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावाकडे वीरगाथेऐवजी चाळवजा घरांतील गरिबांच्या नजरेतून पाहिल्याबद्दल ११ फेब्रुवारी १९२६च्या प्रयोगात दंगल उसळली. निदर्शक रंगमंचावर चढले. फिट्झजेराल्ड यांनी त्यांतील एकाला ठोसा मारून खाली पाडले. येट्स यांनी रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना खडसावले. या घटनेची धार कळायची असेल, तर थिएटरपासून काही मिनिटांवरच्या जनरल पोस्ट ऑफिसपर्यंत चालत जावे. उठावाचे मुख्य ठाणे तेच होते, आणि फिट्झजेराल्ड यांचे धाकटे बंधू, ॲबीचेच नट आर्थर शील्ड्स, त्या उठावात बंदूक घेऊन लढले होते. घरातच उठावातला सैनिक असताना या नाटकाच्या बाजूने उभे राहणे सोपे नव्हते, आणि म्हणूनच त्या रात्रीची त्यांची निष्ठा मला फार मोलाची वाटते.

१९२८ साली ॲबीने ओ'केसी यांचे 'द सिल्व्हर टॅसी' नाकारले. पुढच्या वर्षी ते लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये उभे राहणार होते, आणि त्यात काम करायचे तर कचेरी सोडणे भाग होते. एक्केचाळीस वर्षांच्या फिट्झजेराल्ड यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि लंडनची वाट धरली.