जांभ्याच्या घराला रंग निवडताना

कुडाळ तालुक्यातील आमच्या गावच्या घराला रंग द्यायचे ठरले, तेव्हा हे काम पंधरा दिवसांत उरकेल असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात दिवाळीनंतर सुरू झालेले काम मे महिन्यापर्यंत लांबले, आणि त्यातला निम्मा वेळ मी स्वतःच घेतलेले निर्णय मागे घेण्यात गेला. घर माझ्या आजोबांनी बांधलेले, जांभ्याच्या चिऱ्यांचे आणि मंगळुरी कौलांचे आहे. समोर पूर्वेला खळे आणि तुळशीवृंदावन, उत्तरेला पोफळीची बाग, तर पश्चिमेला एक फणस आणि दोन जुने आंबे इतके जवळ आहेत की दुपारनंतर त्यांची सावली थेट पडवीत येते. हा तपशील आधी सांगण्याचे कारण असे की, रंग निवडताना मी नेमका हाच तपशील विसरले होते.

राखाडी रंग मी डोंबिवलीच्या आमच्या सदनिकेत बसून, रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात, शेड कार्डवरून निवडला. त्या सदनिकेच्या बैठकीच्या खोलीला तोच रंग आहे आणि तेथे तो उत्तम दिसतो. सहावा मजला, समोर मोकळे आकाश आणि खाली पांढरी फरशी. गावी रंगाऱ्याने ओटीच्या गिलावा केलेल्या भिंतीवर त्याचे दोन हात मारले, रात्रभर भिंत वाळली आणि सकाळी आईने ती पाहून एवढेच म्हटले, "भिंतीला शेवाळ आल्यासारखं दिसतंय, पुसून बघ जरा." ती थट्टा करत नव्हती. भिंत खरोखरच हिरवट दिसत होती.

मी आधी दुकानदाराला दोष दिला आणि डबा घेऊन दुकानात गेले. डब्यातल्या रंगाचा एक ठिपका कार्डावर लावून वाळवला, तर दोन्ही तंतोतंत जुळले. मग या प्रश्नाचा माग काढताना मला शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे काम भेटले. पॅरिसच्या गोबेलिन विणकामशाळेतील रंगविभागाची जबाबदारी त्याच्याकडे होती आणि तेथील काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्यापर्यंत आली. तपासाअंती रंग निर्दोष निघाला. शेजारी विणलेल्या इतर रंगांच्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. शेजारी ठेवलेले रंग डोळ्याला एकमेकांपासून दूर ढकलतात, हा नियम त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडला. लाल रंगाच्या शेजारी राखाडी ठेवला की तो लालच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे हिरव्याकडे, झुकलेला दिसतो. आमच्या ओटीला तीन बाजूंनी जांभा, वर कौलांचा तांबडा रंग आणि खाली रेड ऑक्साइडची लाल जमीन. त्यात समोरच्या भिंतीवर झाडांच्या पानांवरून परतलेला हिरवा प्रकाश पडत होता. बिचाऱ्या राखाडीला हिरवे दिसण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता.

त्यानंतर मी कार्डावरून रंग निवडणे बंद केले. दोन फूट बाय दोन फुटांचे प्लायवूडचे सहा तुकडे आणले, प्रत्येकावर वेगळ्या रंगाचे दोन हात दिले आणि ते तुकडे एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर हलवत राहिले. भिंतीवरच थेट पट्टे मारले तर खालचा जुना रंग आणि शेजारचा पट्टा, दोन्ही नजरेला फसवतात. प्लायवूडची अशी पाटी मात्र सकाळी माजघरात आणि दुपारी पडवीत नेता येते. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी दिवेलागण आणि दिवे लावल्यानंतरची रात्र अशा चार वेळा मी वहीत नोंदी केल्या. एक नोंद मला स्वतःलाच नवी होती. उत्तरेकडच्या खोलीत थेट ऊन कधीच येत नाही असे आम्ही लहानपणापासून मानत आलो, पण आमचे गाव साधारण १६ अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीनंतर भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो आणि त्या खोलीच्या खिडकीच्या पट्टीवर ऊन येते. ते फार थोडे दिवस असते, कारण लगेच पाऊस सुरू होतो; तरीही त्या उन्हात फिका पिवळा रंग भडक दिसला आणि तो यादीतून गेला.

दिव्यांचा परिणाम तर मी पूर्णच दुर्लक्षिला होता. गावच्या घरात काकांनी सगळीकडे ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढरे, एलईडी बल्ब बसवले होते. त्यांच्या उजेडात मलईच्या रंगाची पाटी आजारी दिसे. तीच पाटी २७०० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली ऊबदार दिसे. शेवटी बैठकीच्या भागात पिवळसर आणि स्वयंपाकघरात ४००० केल्विनचे दिवे घेतले. बल्ब बदलण्याचा खर्च पुन्हा रंग देण्याच्या खर्चापुढे अगदीच नगण्य होता. हे आधी सुचले असते तर पाट्यांची निम्मी मेहनत वाचली असती.

माजघराचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. जाड भिंती, एकच खिडकी, त्यामुळे दिवसाही अंधार. सगळ्यांचे म्हणणे एकच होते: शुभ्र पांढरा द्या, म्हणजे उजेड वाढेल. हे अर्धेच खरे आहे. पांढरा रंग त्याच्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परत फेकतो हे बरोबर, आणि काही शेड कार्डांवर ते प्रमाण शून्य ते शंभर अशा आकड्यांत दिलेलेही असते; परंतु जिथे प्रकाशच कमी पडतो, तिथे पांढऱ्यालाही फेकायला फारसे काही उरत नाही आणि तो कोपऱ्यांत राखेसारखा मळका दिसतो. मी पांढरी पाटी माजघराच्या कोपऱ्यात ठेवली तेव्हा नेमके हेच दिसले.

उत्तर भिंतीतच होते. घासकाम करताना मेस्त्रींनी एका ठिकाणी जुना रंग खरवडला आणि मला हाक मारली. वर पोपटी ऑइलपेंट, त्याखाली गुलाबी डिस्टेंपर, आणि सर्वांत खाली, चुन्याच्या गिलाव्याला चिकटून, निळीची किंचित झाक असलेला चुना. मी मग प्रत्येक खोलीत रुपयाएवढ्या जागा खरवडून पाहिल्या. माजघरात निळसर, देवघरात पिवडीचा फिका पिवळा आणि बाहेरच्या पडवीच्या भिंतीला खालच्या बाजूस गेरूचा पट्टा. आजोबांच्या पिढीने या घरासाठी रंग आधीच ठरवून ठेवले होते. त्यांनी ते शोभेसाठी ठरवले असतील असे मला वाटत नाही. चुना, नीळ, पिवडी आणि गेरू बाजारात सहज मिळत आणि चुन्याच्या क्षाराला ते टिकत. चुना तीव्र अल्कधर्मी असतो; त्यात अनेक सेंद्रिय रंग उडून जातात, मात्र लोहाच्या ऑक्साइडचे पिवळे-तांबडे रंग आणि कपड्यांची नीळ त्यात तग धरतात. गंमत म्हणजे गेरूचा तांबडा, जांभ्याचा तांबडा आणि कौलांचा तांबडा हे तिन्ही लोहाच्या ऑक्साइडचेच रंग आहेत. एकाच मातीच्या घराण्यातले असल्याने ते शेजारी शेजारी ठेवले तरी भांडत नाहीत.

चुना देण्याचा निर्णय घेतल्यावर कष्ट वाढले. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, म्हणून माजघर आणि देवघराच्या भिंती पूर्ण खरवडाव्या लागल्या. कळीचा चुना आम्ही पिंपात आठवडाभर विरवून ठेवला, गाळला, थोडा डिंक घातला आणि पातळ हात मारले. चुन्याचे काम करताना डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच. पहिल्या दिवशी मी हलगर्जीपणा केला आणि दोन दिवस बोटे भाजल्यासारखी झाली. आणखी एक अडचण अशी की ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळताना पांढरा होत जातो. नीळ कमी वाटली म्हणून मी ओल्या पट्ट्याकडे पाहून ती वाढवली आणि तिसऱ्या दिवशी माजघर शाळेच्या फळ्यामागच्या भिंतीसारखे निळे झाले. वर साध्या चुन्याचे आणखी दोन हात दिल्यावर ते सावरले. आता सकाळी खिडकीतून उजेड आला की भिंत पांढरी वाटते आणि संध्याकाळी तिच्यात निळी छटा उमटते.

बाहेरच्या भिंतींबाबत मतभेद झाले. काकांनी काही वर्षांपूर्वी दर्शनी जांभ्याला मरून ऑइलपेंट मारून दरजांवर पांढऱ्या रेघा ओढून घेतल्या होत्या. कोकणात असे रंगवलेले चिरे जागोजागी दिसतात आणि ते काढणे म्हणजे काकांचा अपमान, असा एक सूर घरात होता. पण जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पावसात पाणी शोषतो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ते पाणी ऑइलपेंटच्या आवरणामागे अडकते, रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि आतून लोणा लागतो. खालच्या चार थरांवर हे स्पष्ट दिसत होते. काकांनी स्वतः एक पोपडा काढून मागचा भुरभुरलेला दगड पाहिला आणि म्हणाले, "काढून टाक." तारेच्या ब्रशने आणि पाण्याने ते काम तीन आठवडे चालले. उघड्या चिऱ्यांचा जो तांबूस, ठिकठिकाणी पिवळट आणि छिद्रांत काळपट असलेला रंग समोर आला, त्याच्याशी जुळणारी शेड कोणत्याही कार्डावर नव्हती.

बाजूच्या गिलाव्याच्या भिंतींना मोतिया रंग दिला आणि जोत्यापासून दीड फुटापर्यंत गेरूचा पट्टा पुन्हा ओढला. पागोळ्यांचे पाणी अंगणातली तांबडी माती उडवून भिंतीवर मारते आणि ते डाग साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत येतात. पट्टा असला की ते दिसतच नाहीत.

मधल्या काळात आम्ही पणजीला गेलो आणि फोंताइन्या या तिथल्या जुन्या वस्तीतली निळी, पिवळी, तांबडी घरे पाहून माझे मन पुन्हा डळमळले. तो गडद निळा आपल्याही पडवीला द्यावा, असे मी परतताना गाडीत ठरवूनही टाकले होते. एक पाटी रंगवली आणि आंब्याच्या सावलीत ठेवली, तर तो निळा काळवंडला. तिथल्या अरुंद गल्लीत घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि भिंतींवर सरळ ऊन पडते. आमची पडवी दुपारनंतर सावलीत असते. ती पाटी अजून माळ्यावर आहे.

सजावटीत मी फार काही केले नाही, आणि जे केले त्यातले निम्मे फसले. खिडक्यांना घेतलेल्या जाड मखमली पडद्यांना पहिल्याच पावसात बुरशी आली, कारण पावसाळ्यात घर काही आठवडे बंद असते. त्यांच्या जागी पातळ सुती पडदे लावले, जे जाताना काढून ट्रंकेत ठेवता येतात. खिडक्यांचे गज पांढरे करण्याचा माझा हट्ट वहिनीने मोडून काढला. तिने एक गज काळा आणि एक पांढरा रंगवून दाखवला. पांढऱ्या गजावर नजर अडकते, काळा गज बाहेरच्या हिरव्या बागेत हरवतो. दिवाणावर सोलापुरी चादरी आहेत. फणसाच्या लाकडाचे खांब आधी पॉलिश करून गडद करणार होतो, पण हे लाकूड ताजे असताना पिवळे असते आणि प्रकाशाने आपोआप तपकिरी होत जाते, म्हणून नव्या खांबाला केवळ तेल दिले. तो जुन्या खांबांना कधी गाठतो ते बघायचे. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे मात्र मी माजघराच्या कोनाड्यात हौसेने मांडली आहेत. त्या निळसर पांढऱ्या भिंतीपुढे लाल आणि पिवळा लाखेचा रंग फार खुलून दिसतो.

ओटीची मुख्य भिंत आम्ही मुद्दाम रिकामी ठेवली. गणपतीत तिच्यापुढे माटवी, म्हणजे रानफळांनी आणि पानांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधली जाते. कवंडळांचा केशरी, कांगण्यांचा लाल आणि आंब्याच्या टाळ्यांचा हिरवा एवढे रंग तिथे एकदम येतात की मागे काहीही नक्षी असती तर ती जाचली असती. तिला राखाडीच्या जागी पिवडी मिसळलेला फिका मोतिया दिला आहे. आईने भिंत पाहिली आणि पुसायला सांगितले नाही, यावरून तो तिला पटला असावा.

स्वयंपाकघर अजून राहिले आहे. धुराने काळवंडलेल्या भिंतीला चुना द्यावा की धुता येणारा रंग, यावर एकमत झालेले नाही. तिथल्या भिंतीवर तीन छटांचे तीन पट्टे तसेच आहेत आणि पाऊस संपून भिंत वाळली की त्यांतला एक निवडायचा आहे.