निघायच्या तारखेपासून मागे

सोमवार

देश बदलायचा म्हटलं की हात आधी बॅगेकडे जातो. बॅग शेवटच्या आठवड्यातही भरता येते. कॅलेंडरवर निघायची तारीख लिहून तिथून उलटं मोजायला घेतलं, की खरी अडचण दिसते. जन्मदाखला, विवाहाचा दाखला, पदवी हे कागद मिळायला उशीर लागतो, पण एकदा मिळाले की बहुधा टिकतात. पोलिसांचा चारित्र्य दाखला मात्र शिळा होतो, बऱ्याच ठिकाणी तीन ते सहा महिन्यांत. उत्साहाने पहिल्याच आठवड्यात काढला, तर व्हिसाच्या अर्जापर्यंत बाद.

त्याआधीचं कंटाळवाणं काम म्हणजे सगळे कागद शेजारी मांडून नाव अक्षर न् अक्षर ताडणं. एकावर मधलं नाव पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षर, तिसऱ्यावर लग्नाआधीचं आडनाव. परक्या खिडकीवर ही तीन माणसं ठरू शकतात. दुरुस्ती मूळ दाखला देणाऱ्या कार्यालयातूनच होते, त्यामुळे ती अपोस्टिलच्या, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून घेतलेल्या सरकारी शिक्क्याच्या, आधी उरकायची.

अपोस्टिलबद्दल गैरसमज फार. १९६१च्या हेग करारातल्या देशांत सहसा तेवढा शिक्का पुरतो. करारात नसलेल्या देशासाठी दूतावासापर्यंत साक्षांकन करत जावं लागतं. कागदावरची सही आणि मोहोर अस्सल आहे एवढंच अपोस्टिल सांगतं. मजकुराची हमी घेत नाही. हौसेने लॅमिनेट करून ठेवलेला दाखला इथे अडतो, नवी प्रत काढावी लागते. भाषांतर शिक्क्यानंतर, कारण पुष्कळदा शिक्क्याचंही भाषांतर मागतात. क्रम चुकला की पैसे दोनदा. काही देशांना तर त्यांच्याच यादीतला शपथबद्ध भाषांतरकार लागतो, तेव्हा आधी विचारलेलं बरं.

बुधवार

सामान. विमानात फुगीर खोकं महाग पडतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. ६० × ५० × ५० चं खोकं २५ किलोचं धरतात, आत उशा असल्या आणि काटा सहाच दाखवत असला तरी. (कुरिअरवाले बऱ्याचदा ५००० ने भागतात, म्हणजे ३० किलो.) बोटीने सुटं सामान घनमीटरवर जातं, म्हणून पुस्तकं बोटीने, पण लहान खोक्यांत, नाहीतर तळ सुटतो.

यादीत नुसतं ‘घरगुती सामान’ लिहिणं म्हणजे कस्टमला खोकं उघडायचं आमंत्रणच. खोक्याचा क्रमांक, वस्तू, नग, अंदाजे किंमत आणि ‘वापरलेली’ हा शब्द हवाच, कारण राहणं बदलणाऱ्याला मिळणारी करसवलत सहसा वापरलेल्या वस्तूंवर असते. सलग लाकडाची पेटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याची किंवा इतर मान्य प्रक्रियेची खूण लागते. प्लायवूडला ती अट नाही.

चार्जरवर १००–२४० व्होल्ट असेल तर घ्यावा. इस्त्री, ड्रायर बहुधा एकाच दाबाचे असतात आणि अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो.

शुक्रवार

बँक पत्ता मागते, घरमालक बँकखातं मागतो. पहिल्या महिन्याची तात्पुरती जागा घेताना त्या पत्त्यावर रहिवासाची नोंदणी करू देतात का, हे भाड्याआधी विचारायचं.

आणि जुना मोबाइल नंबर. तो बंद पडला की ओटीपी थांबतो, मागोमाग खातंही. रोमिंग निघण्याआधी चालू करायचं, सर्वांत स्वस्त रिचार्ज किती दिवस टिकतो ते पाहायचं. बँकेतला क्रमांक बदलायला अनेकदा शाखेतच जावं लागतं.