पाण्यातले मूल आणि बाटलीतले मूल

थोरामोठ्यांचा पत्रसंग्रह हाती आला की मी तत्त्वचर्चेची पाने ओलांडून आधी घरगुती पत्रे शोधतो. ताटातले लोणचे आधी चाटण्याचीच ही खोड. डार्विनचा कडवा पाठीराखा टॉमस हेन्री हक्सली याच्या पत्रांतही मी असाच मागच्या दाराने शिरलो.

१८९२ साली त्याच्या नातवाने, ज्युलियनने, त्याला लिहून विचारले, की आजोबा, तुम्ही जलबालक पाहिले आहे का, आणि त्याला बाटलीत ठेवले होते का? ज्युलियनला पाचवे वर्षही पुरे झाले नव्हते. चार्ल्स किंग्जलीच्या ‘द वॉटर बेबीज’ या गोष्टीतल्या एका चित्रात आजोबा बाटलीतले जलबालक निरखताना दाखवले होते, म्हणून हा प्रश्न. असले काही नसते, असे सांगून मोकळे होता आले असते. हक्सलीने मात्र लिहिले, की पाण्यातली मुले मी पाहिली आणि बाटलीतलीही पाहिली. पण पाण्यातले बाटलीत नव्हते आणि बाटलीतले पाण्यात नव्हते. खोटे एक अक्षर नाही, आणि पोराचा हिरमोडही नाही! गोष्ट लिहिणारा आपला मित्र फार भला आणि हुशार होता, आणि त्याच त्या वस्तूंत काहींना पुष्कळ दिसते तर काहींना थोडे, असेही त्याने पुढे जोडले.

स्वतः हक्सली पुष्कळ दिसणाऱ्यांपैकी होता. तरुणपणी, १८५६ साली, तो भौतिकशास्त्रज्ञ मित्र टिंडल याच्याबरोबर आल्प्समधल्या हिमनद्या पाहायला गेला होता. साठी उलटल्यावर प्रकृतीसाठी स्वित्झर्लंडमधल्या आरोला येथे गेला, तर विश्रांती राहिली बाजूला आणि जन्मभर प्राण्यांच्या शरीररचनेत रमलेला हा गृहस्थ जेन्शनच्या फुलांमागे लागला. मग वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हुकर याला त्या फुलांविषयी पत्रे, आणि १८८८ साली चक्क एक शोधनिबंध.

किंग्जलीला लिहिलेले त्याचे एक पत्र मात्र मला एका बैठकीत वाचवले नाही. सप्टेंबर १८६० मध्ये हक्सलीचा थोरला मुलगा नोएल लोहितांग ज्वराने गेला. त्यालाही चार वर्षे पुरी झाली नव्हती. किंग्जली धर्मोपदेशक होता, त्याने सांत्वनाचे पत्र पाठवले. पुराव्यावाचून अमरत्वाचा दिलासा आपल्याला घेता येत नाही, असे हक्सलीने त्याला दीर्घ उत्तरात कळवले. वस्तुस्थितीपुढे लहान मुलासारखे बसावे, हे त्याचे शब्द त्याच पत्रातले.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्याला लेनर्ड हा मुलगा झाला. बापाची पत्रे १९०० साली छापली ती त्यानेच, आणि ज्युलियन हा त्याचाच मुलगा.