ज्या चॅनलवर सिग्नल नाही, तोही कामाचा असतो

मेंदूच्या लहरी मोजणारी ६४ इलेक्ट्रोडची टोपी चढवून, प्रत्येकाखाली जेल भरून इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) उतरेपर्यंत टोपीखालचा माणूस थकून जातो. बीसीआय, म्हणजे मेंदूच्या लहरींवर यंत्र चालवण्याचा मार्ग, रोजच्या वापरात यायचा असेल, तर चॅनल (एकेका इलेक्ट्रोडचे सिग्नल) कमी करायलाच हवेत. गणितही तेच सांगतं. सीएसपी ही पद्धत चॅनलांना वजनं देऊन दोन कृतींमधला फरक ठळक करते; तिला लागणाऱ्या कोव्हेरिअन्स मॅट्रिक्समध्ये (चॅनल एकमेकांबरोबर कसे बदलतात याच्या तक्त्यात) ६४ चॅनलांसाठी २,०८० आकडे अंदाजावे लागतात, ८ चॅनलांसाठी फक्त ३६. ट्रायल (नोंदवलेले प्रयत्न) शंभरेक असतील, तर मोठा संच मेंदूच्या लहरींऐवजी गोंगाटच पाठ करतो.

जागा कामावर ठरते. उजवा हात हलवण्याची कल्पना केली की डोक्याच्या डावीकडे, सी३ या इलेक्ट्रोडभोवती, ८ ते १२ हर्ट्झच्या म्यू लयीची ताकद घटते. डाव्या हातासाठी सी४ पाहायचा, पायांसाठी सीझेड. लुकलुकत्या दिव्यांवर चालणाऱ्या एसएसव्हीईपी पद्धतीला डोक्याच्या मागचे ओ१, ओझेड, ओ२ लागतात.

मग नुसते सी३ आणि सी४ ठेवले तर? इथेच बहुतेकांची फसगत होते. सी३ वर डोक्याच्या मागच्या भागातली अल्फा लयही पोचते, आणि तिचा पट्टा जवळपास म्यूचाच. सी३ च्या चार बाजूंच्या एफसी३, सी५, सी१ आणि सीपी३ यांची सरासरी सी३ मधून वजा केली, की हा पसरलेला भाग बराच निघून जातो. या चौघांवर हालचालीची माहिती कमी असेल, पण गोंगाट मोजायला ते हवेत. म्हणून एकेका चॅनलला सुटे गुण देऊन केलेल्या क्रमवारीवर मी विसंबत नाही. सीएसपीत एखाद्या चॅनलचं वजन मोठं दिसलं, म्हणून सिग्नल तिथूनच येतो असंही समजू नका; ते वजन गोंगाट खोडण्यासाठीही असू शकतं. उगम शोधायचा तर फिल्टर (ही वजनं) नव्हे, पॅटर्न (उगमाचा सिग्नल कोणत्या चॅनलवर किती पोचतो, तो नकाशा) पाहा.

निवडीआधी सपाट रेषेचे आणि अवाजवी व्हेरिअन्सचे (चढउताराचे) चॅनल काढा, सरासरी रेफरन्स त्यानंतर घ्या, म्हणजे सगळ्या चॅनलांची सरासरी प्रत्येकातून वजा करा. क्रम उलटला तर एका सैल इलेक्ट्रोडची खरखर सगळीकडे पसरते. या रेफरन्सने मॅट्रिक्सची रँक (खरोखर स्वतंत्र असलेल्या चॅनलांची संख्या) एकने घटते, हेही सीएसपी चालवताना ध्यानात असू द्या.

पुढे एकेक चॅनल वगळून पाहा: ज्याच्या जाण्याने अचूकता सर्वांत कमी ढळते, तो काढा, आणि पुन्हा तेच. पण ही सगळी निवड क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (डेटाचा एकेक भाग चाचणीसाठी बाजूला ठेवण्याच्या) प्रत्येक फेरीत, फक्त ट्रेनिंग डेटावर व्हायला हवी. आधी सगळ्या डेटावर निवड आणि मग चाचणी, असं केलं तर आकडे फुगतात. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगवर. हालचालीच्या कल्पनेसाठीच्या निवडीत कपाळावरचा एफपी१ किंवा कानाजवळचा टी७ अव्वल ठरला, तर आनंदून जाऊ नका. पडद्यावर कृती सुचवणाऱ्या बाणाच्या दिशेने डोळे वळतात, जबडा आवळला जातो, आणि क्लासिफायर (सिग्नलवरून कृती ओळखणारा प्रोग्राम) तेच शिकतो.

उरलेल्या संचाची चाचणी घेताना रेफरन्स फक्त त्याच चॅनलांवरून नव्याने काढा. ६४ चॅनलांची सरासरी वजा करून मग आठ निवडले, तर ती सरासरी आठ इलेक्ट्रोडच्या टोपीत मिळणारच नाही.