तहान नसण्याचे सुख

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यात दिवस जात, आणि ज्या दिवशी घागरी, हंडे, बादल्या काठोकाठ भरत, त्या संध्याकाळी आईच्या चेहऱ्यावर जी तृप्ती दिसे, ती मी नंतर क्वचितच पाहिली. आता ठरलेल्या दिवशी नळाला पाणी येते. तो आनंद का येत नाही, हा प्रश्न मला अजूनही सोडत नाही.

इसवी सनापूर्वीचा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याने सुखाचे दोन प्रकार मानले: तहान भागत असतानाचे आणि तहान नसण्याचे. दुसरे त्याला श्रेष्ठ वाटे. सायरीन या प्राचीन ग्रीक शहरातल्या, सुख हालचालीतच असते असे मानणाऱ्या विचारवंतांनी यावर आक्षेप घेतला, की दुःख नसणे ही तर झोपलेल्या माणसाची अवस्था झाली.

एपिक्युरस अणुवादी होता, म्हणजे सारे विश्व अणूंचे बनले आहे असे मानणारा, त्यामुळे या वादात भौतिक विश्वाची साक्ष काढणे गैर ठरू नये. पृथ्वी सूर्याकडून जितकी ऊर्जा घेते, जवळजवळ तितकीच अवकाशात परत टाकते. मग इथले जीवन चालते कशावर? ते फरकावर चालते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,500 अंश सेल्सियस तापलेला आहे, तर त्याच्या पलीकडचे काळे अवकाश शून्याखाली सुमारे 270 अंश. सूर्याकडून आलेल्या एकेका प्रकाशकणाची ऊर्जा परत जाताना साधारण वीस दुबळ्या कणांत वाटली गेलेली असते, आणि या उतरणीवरच तुरीच्या शेंगेत दाणा भरतो. सजीवांची धडपड ऊर्जेसाठी नसून तापलेल्या सूर्याकडून थंड पृथ्वीकडे ती वाहताना जे हाती लागते त्यासाठी आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमनने 1886 मध्येच सांगितले होते. आमच्या वैशाखात माठ पाणी गार करतो तो हवा कोरडी असते म्हणून. श्रावणातल्या दमट हवेत तोच माठ हतबल होतो. सगळे समान झाले की काहीच घडत नाही.

म्हणजे विश्वाचा कौल सायरीनकरांच्या बाजूने पडतो, आणि मन फरकच टिपते हे मला मान्य करावे लागते. तरीही एपिक्युरसला मी सोडू शकत नाही, ते त्याच्या शेवटच्या पत्रामुळे. मूत्रावरोधाच्या असह्य वेदनांत त्याने मित्राला कळवले, की आपल्या जुन्या संभाषणांच्या आठवणीचा आनंद या सर्व वेदनांसमोर उभा आहे. बाहेरचा फरक मिटल्यावर, किंवा तो पूर्णपणे विरुद्ध गेल्यावरही, आठवण आत दुसरा फरक राखू शकते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आमच्या घरी अजूनही पाणी आल्यावर आई पहिला तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवते. गल्लीतून जाणाऱ्याला ती विचारते, "पाणी देऊ का?"