पिनहोलचे सेकंद आणि माझी वही

पिनहोलला, म्हणजे लेन्सऐवजी बारीक भोक असलेल्या डब्याच्या कॅमेऱ्याला, ना लेन्स ना उजेड मोजणारा मीटर, त्यामुळे फिल्मला किती सेकंद उजेड द्यायचा ते अंदाजानेच मारायचं असं बरेच जण समजतात, पण गणित अगदी शाळेतलं आहे हो. माझ्या डब्यात भोकापासून फिल्म ५० मिमी लांब आणि भोक ०.३ मिमीचं, भागाकार केला की एफ १६७ (हा एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). आता एवढा आकडा हातातल्या मीटरवर कुठून असणार, म्हणून एफ १६ ला किती सेकंद लागतील ते रीडिंग घ्यायचं आणि साधारण ११० ने गुणायचं (१६७ भागिले १६, त्याचा वर्ग). भोक मात्र नीट मोजा, नाहीतर वर्गामुळे चूक फुगते. पत्र्याचा तुकडा स्कॅनरवर २४०० डीपीआयला टाकला की ०.३ मिमीचे २८ पिक्सेल दिसतात, झालं.

नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात एफपी४ या इल्फर्ड कंपनीच्या कृष्णधवल फिल्मवर जेमतेम एक सेकंद येतो आणि हाताने भोकाचं झाकण उघडून एक सेकंद धरणं म्हणजे निव्वळ जुगार. म्हणून मी सूर्य वर यायच्या आत गोदाघाटावर जातो. रामकुंडाजवळ तेव्हा मीटर १/४ सेकंद दाखवतो, गुणिले ११० म्हणजे २७ सेकंद, पण इथेच थांबलात तर उजेड कमी पडून निगेटिव्ह पातळ येणार. एक सेकंदाच्या पुढे फिल्म आळशी होते, यालाच रिसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात, आणि इल्फर्डने सूत्र दिलंय: आलेल्या सेकंदांचा एफपी४ साठी १.२६ वा घात, त्यांच्याच एचपी५ फिल्मसाठी १.३१ वा. २७ चे होतात ६४! एका मिनिटाचे तर जवळपास तीन मिनिटं.

तरी ६४ च्या जागी ७५ झाले म्हणून काही बिघडत नाही, पाव स्टॉपच्या आतबाहेरचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड पोटात घालते, कमी पडला तर मात्र सावलीत काहीच उरत नाही.

वहीत नुसते सेकंद लिहिणाऱ्यांचं मला कळत नाही. ६४ सेकंद, बरं, पण कशावरून? मी डब्याच्या मागच्या लाल खिडकीतून दिसणारा फ्रेम नंबर, मीटर कशावर धरला (पायऱ्या की पाणी), रीडिंग, हिशोबाचे सेकंद आणि प्रत्यक्ष दिलेले सेकंद असं सगळं लिहितो, शेवटचे दोन वेगळे, कारण घाटावर काय होईल सांगता येत नाही. डबा पायरीवर, भोकाचं झाकण उघडं आणि फुलवाल्या मावशी विचारतात, "दादा, निघाला का फोटो?" "निघतोय मावशी, अजून पाऊण मिनिट." "एवढा वेळ? मग हलू नको का मी?" त्या हलल्याच, फोटोत टोपली आली, मावशी नाहीत. तेही वहीत आहे.

आणि हो, पेन्सिलनेच लिहा, घाटावर पेनाची शाई पसरते. फोन तर स्टॉपवॉचमध्येच अडकलेला असतो.